पांढऱ्या भट्टीतल्या पाच पणत्या

३ फेब्रुवारी
पांढरी माती चौथ्यांदा मळली. आपल्या लाल मातीसारखी ऐकत नाही. जरा ओढली की फाटते. वाकलेली कड बोटाने सरळ केली तरी भट्टीत पुन्हा वाकते, लक्षात ठेवते. दादाला म्हटलं, हात धुऊन शिव, लाल कण गेला तर डाग पडतो.
"नवरी हाय का बे थे, हात धुऊन शिवाव?" असं म्हणून त्याने चिखलाचा पंजा माझ्या तोंडावर दाबला. श्वास कोंडला तरी सोडेना. वहिनी ओरडली, "सोडा, मरन थो!" तेव्हा हसत सोडलं. दातांत अजून कचकच आहे.

७ फेब्रुवारी
बेचाळीस कप सुकले. उचलताना एक मोडला. एक्केचाळीस. पक्का भाजला की दहा सेंटीमीटरचा कप साडेआठचा होईल.
बुलडाण्याच्या दुकानदाराला पसंत पडले तर मी पांढरं काम करणार. नाही तर जन्मभर दादाच्या हाताखाली माठ. तो म्हणाला, "एक भट्टी देतो तुले. बिघडली त संपलं."

११ फेब्रुवारी
कच्ची भाजणी, ९५० अंश. एकही तडा नाही. ग्लेजचा काचेरी लेप चढवला. बुडं तीनदा पुसली, नाहीतर फळीला चिकटतात.

१४ फेब्रुवारी
पक्की भाजणी. कप भरून मी गॅसची टाकी आणायला मोताळ्याला गेलो. आलो तर दादाने भट्टीचं दार लावून ठेवलेलं.
"उघडून पाहू का एकदा?"
"भरली ना तूच? मंग?"
पेटवली. १२८० अंशांपर्यंत नेली. उघडून पाहायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी
भट्टी उघडली. वरच्या फळीवर काळं डबकं. कडेवरून खालच्या दोन्ही फळ्यांवर ओघळलेलं. कप त्यात रुतलेले, छिन्नी लावली की फुटत होते. डबक्यात पणतीची एक चोच शिल्लक. लाल मातीची.
थापी माझ्या हातात होती. मडकी ठोकायची, बाबांची. दादावर उगारली. त्याने तोंडावर हात घेतला, तर हातावर मारली. मग परत त्याच हातावर. ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला.
त्याने उलटून मारलं नाही. खाली बसला. "पाच ठेवल्या होत्या बे. बाबा ठेवत."
आमच्या घरी थोरल्याने घरच्या मातीच्या पाच पणत्या वर ठेवल्याशिवाय भट्टी पेटत नाही. बाबा गेल्यापासून दादा ठेवतो. माझ्या या पहिल्या पक्क्या भाजणीतही ठेवल्या.
आपली लाल माती अकराशेच्या वर टिकत नाही, हे या वहीत तीन ठिकाणी लिहिलं आहे. दादाला एकदाही सांगितलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी
दादाचं उजवं मनगट दोन जागी मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. चाक पुन्हा धरता येईल का, यावर डॉक्टर म्हणाले, बघू. कसं झालं विचारलं तर दादा म्हणाला, "भट्टीची फळी पडली."
बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाबानं याच थापीनं मारलं मले. पन हड्डी नोती मोडली."

२२ फेब्रुवारी
वाचलेले सात कप वहिनीने एकेक करून भिंतीवर फेकले. शेवटचा माझ्या कानशिलावर. दोन टाके. "थ्याचा हात गेला न् तू कप मोजून राह्यला?"
खरंच मोजत होतो.

२७ फेब्रुवारी
दादाच्या चाकावर मी बसतो. दहा माठ केले, सहा चाकावरच ढासळले. ऊन वाढलंय, गिऱ्हाईक माठ विचारून जातं. दादा ओट्यावरून पाहतो. शिवी तरी द्यावी.

४ मार्च
उरलेल्या पांढऱ्या मातीच्या पाच पणत्या केल्या होत्या. आज सुकल्या. दादासमोर ठेवल्या.
"दादा, ह्या तू ठेव. ह्या वितळत नाहीत."
त्याने डाव्या हाताने एक उचलली, मुठीत चुरली. दुसरी. तिसरी चाकावर आपटली. चौथी माझ्या छातीवर मारली. पांढरी भुकटी त्याच्या मिशीवर, माझ्या शर्टावर. मी हललो नाही.
पाचवी त्याच्या हातात आहे. चुरत नाही, ठेवतही नाही. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली.
मी भट्टीचं दार उघडून इथे बसलो आहे.