टबातली जलपर्णी

ईडन प्रेरी, अमेरिका, १२ डिसेंबर १९८६

चि. सौ. यमू,
थोरल्या बहिणीचे बर्फातून गरमागरम आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस. फक्त आंघोळीची पंचाईत झालीय. अंगणातल्या तळ्यातली जलपर्णी थंडीनं मरेल म्हणून गुरुदत्तनं ती न्हाणीघरातल्या टबात आणून ठेवलीय. हो, आपल्या नदीत माजते तीच! ती उपसून तुझे दाजी आठ दिवस अंग खाजवत होते, आणि त्यांचा लेक इथं तिला विकत आणतो, वर दिवा लावतो. शी! घरभर गटाराचा वास. ती काळी लोंबती मुळं बघितली की घास उतरत नाही.

त्यात मला म्हणतो, "आई, तुझं तिकीट कॅन्सल करू या. उत्तरा आणि मी ऑफिसात, दिवसा हिचं पाणी कोण बदलणार? प्रतिमाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट येईलच की."

भाचीचं लग्न मी कॅसेटवर बघू? मग तुझ्या विहिणीला नावं कोण ठेवणार?

सोमवारी दोघं कामावर गेल्यावर बर्फावर टाकायच्या मिठाची अख्खी पिशवी मी टबात ओतली. कंबर धरली, पण काल सगळी पानं काळी पडली. गुरुदत्त हळहळला, "थंडी बाधली गं हिला."

मी म्हटलं, "हो रे बाबा. आता माझा नंबर."

घाबरला बिचारा. पाच जानेवारीला मला विमानात बसवतोय.

तुझा गुडघा कसा आहे? लग्नाची हळद दळलीस का?

हे पत्र वाचून चुलीत घाल. आता जलपर्णीची काळजी नाही, म्हणून लग्नाला गुरुदत्तही येतोय.

तुझी,
गोदाताई