नंबराचा कार्यक्रम

गुरुजी, मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी पूजा आटोपली, इष्टलिंग गळ्यात परत घातलं आणि कपाळावरची विभूती वाळायच्या आत फोन हातात घेऊन मत देऊन टाकलं. निवडणुकीचं नव्हे, आपल्या रेडिओवरच्या नंबराच्या कार्यक्रमाचं. तो अजून होतो. वर्षाच्या शेवटी, श्रोत्यांनी मतं देऊन निवडलेली वर्षभरातली गाणी, खालच्या नंबरापासून वर चढत जाणारी. आता कार्ड लागत नाही. फोनवरून गाण्याचं नाव पाठवायचं, की लगेच यंत्राकडून आभार येतात. बायको भाकरी थापत होती, तिला विचारून तिचंही मत पाठवलं. मग लातूरला पोराला फोन लावला.

आमच्या घरात ही रीत तो लहान असल्यापासून आहे. तिघांची तीन मतं आणि त्यावरून वर्ष संपेपर्यंत भांडण. माझं गाणं लागलं की तो म्हणायचा, "बाबांची झोपेची गोळी आली." त्याचं लागलं की मी कानात बोटं घालायचो आणि त्याची आई दोघांनाही गप्प बसवायची. त्या दिवशी मी विचारलं, "यंदा तुझं कोणतं रे?" पलीकडे मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "माझं काही नाही बाबा. तुम्हीच टाका कोणतंही."

"कोणतंही म्हणजे?"

"मला कोणतं आवडतं तेच आठवत नाही. ठेवू का? टेस्ट आहे."

त्यानं फोन ठेवला आणि मी तसाच बसून राहिलो. भाकरी थंड झाली म्हणून बायको दोनदा ओरडली. हेच बोलणं मी आयुष्यात याआधी एकदा ऐकलं होतं, गुरुजी. तुमच्या तोंडून. म्हणून इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलो आहे. दुसऱ्या कुणाला सांगावं हे मला कळलं नाही.

शाळेच्या ओट्यावर तुमचा रेडिओ असायचा. चामडी पिशवीतला, गाठ मारलेल्या पट्ट्याचा. दिवाळी झाली की तुम्ही श्रोता मंडळाची बैठक घ्यायचात आणि प्रत्येकाला त्याचं गाणं विचारून पोस्टकार्डावर नाव आणि नावापुढे गाणं लिहायचात. अक्षर मुंगीएवढं, म्हणजे एका कार्डात पुष्कळ माणसं मावावीत. शिंपीमामा दरवर्षी तोच प्रस्ताव मांडायचे. "गुरुजी, आख्ख्या गावानं एकाच गान्याला टाकू. गान्याचा नंबर लागंल, संगं गावाचं नाव बी येईल. सुटं सुटं टाकून आपलं काय बी होईना झालंय."

"मग पॅनल उभं करा मामा, गुलाल बी आना," तुम्ही मान वर न करता म्हणायचात. "ज्याचं त्याचं मत. तुमचं सांगा."

मी सातवीत होतो तेव्हा माझी पाळी आली. मी सरपंचाच्या पोरानं सांगितलेलंच गाणं सांगितलं. तुम्ही लेखणी थांबवलीत. "हे तुझं हाय?" मी म्हणालो, "सगळ्यांचं तेच हाय, गुरुजी." "तुला भूक लागली की सगळ्यांना इचारून जेवतूस का? जा, लिंबाखाली बस. तुझं सापडलं की ये." मी लिंबाखाली बसलो. मला खरंच सापडेना. आवडतं म्हणजे काय, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. गुरं परत यायची वेळ झाली तेव्हा आई भिंत सारवताना जे गुणगुणायची ते आठवलं आणि मी धावत येऊन सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत. त्या गाण्याचा नंबर कधीच लागला नाही. मी हिरमुसलो तर म्हणालात, "नंबर लागू दे न्हाई तर न लागू दे. मत तर तुझं झालं." तुमचं स्वतःचं नाव नेहमी शेवटच्या कार्डावर, सगळ्यांच्या खाली. त्यापुढे गाणं कधी घरी काकूंना विचारून, कधी काकूंशी भांडून.

मग भूकंप झाला. त्याबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही, आणि तुम्हाला तर सांगायची गरजच नाही. माझा धाकटा भाऊ गेला. काकू गेल्या, तुमची लेक बाळी गेली. पांढऱ्या मातीच्या त्या रुंद भिंती ज्यांनी पिढ्यानपिढ्या सावली दिली त्याच अंगावर आल्या. दिवाळी पत्र्याच्या शेडमध्ये आली आणि गेली, कुणी पणती लावली नाही. आणि एका संध्याकाळी तुम्ही हातात कोरी कार्डं घेऊन शेडच्या दाराशी उभे. शिंपीमामा म्हणाले, "गुरुजी, यंदा गानं? लोक तोंडावर थुकतील आपल्या."

"दरसाल पाठवितो. यंदा बी पाठवू," तुम्ही म्हणालात. एवढंच.

तुम्ही एकेका शेडमध्ये गेलात. कार्डं ठेवायला पाटी हवी होती ती मी धरून मागे होतो. कुणी रागावलं. कुणी दार लावून घेतलं. एका बाईनं आपल्या गेलेल्या नवऱ्याचं आवडतं गाणं सांगितलं आणि मग पदर तोंडात धरून म्हणाली, "पर नाव माझं लिव्हा." तुम्ही लिहिलंत. माझ्या वडिलांनी तर भाऊ गेल्यापासून तोंड उघडलं नव्हतं, त्यांनीही एक गाणं सांगितलं. आम्ही सगळे चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या दिवसानंतर ते हळूहळू बोलायला लागले. मी हे मुद्दाम लिहितो आहे. तुम्हाला त्याचा पत्ता होता की नाही, मला माहीत नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस मला आज समोर दिसतो. शिंपीमामांचा ढिगाऱ्यातून निघालेला रेडिओ, एका बाजूनं चेपलेला. शेडांच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळे उन्हाला बसले आहेत. नंबर सुरू होण्याआधी निवेदक आपल्या गावाचं नाव घेतो आणि म्हणतो की या गावाहून आलेली सगळी कार्डं आज आम्ही वाचणार आहोत. मग तो वाचत जातो. नाव, गाणं. नाव, गाणं. माणसं आपलं नाव आलं की खाली बघतात. माझं येतं, वडिलांचं येतं, त्या बाईचं येतं. कुणी रडत नाही. शेवटचं कार्डही संपतं. शिंपीमामा चिडतात. "गुरुजी, तुमचंच नाव गाळलं की भाड्यांनी."

तुम्ही पायाखालचा खडा उचलून बाजूला ठेवता. "त्यांनी न्हाई गाळलं."

"मग?"

"मी लिव्हलंच न्हाई. मला कोनतं आवडतं ते आठवंना."

एक-दोघं हसले, त्यांना ती चेष्टा वाटली. मीही हसलो असेन. मग पहिलं गाणं लागलं. तुम्ही उठून टँकर आला का बघायला गेलात. टँकर सकाळीच येऊन गेला होता.

पुढच्या वर्षी तुम्ही बदली मागून अहमदपूरला भावाकडे गेलात. मी एकदा भेटायला आलो होतो. तुम्ही अभ्यासाचं विचारलंत, भुईमुगाच्या शेंगा पुढे ठेवल्यात, ताटातलं अर्धं अन्न तसंच सोडून हात धुतलेत. तुमच्या वहिनी आतून म्हणाल्या, "असंच करतेत रोज." मी परतीच्या गाडीत बसलो. काही वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं. डॉक्टरनं आजाराचं कसलंतरी नाव सांगितलं होतं म्हणे. तुम्ही शेडमध्ये गाणं आठवेना म्हणालात त्याच दिवशी निघाला होतात असं मला वाटतं. सगळं गाव भोवती बसलेलं असताना निघालात, आणि कुणाला तुमचा हात धरता आला नाही. धरायचा म्हणजे काय करायचं, तेही मला आज सांगता येत नाही.

भूकंपानंतर लातूर बदललं, गुरुजी. आता तिथे गल्लीगल्लीत क्लास आहेत, आणि क्लास आहेत म्हणून हॉस्टेलं, मेस, झेरॉक्सची दुकानं. मी नोकरीमुळे नांदेडचा झालो. इथेही क्लास कमी नाहीत. पोरानं डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा इथूनच दोनदा दिली. तिसऱ्यांदा सगळे म्हणाले, घरी राहून अभ्यास होत नाही, लातूरला टाका. टाका म्हणाले, आणि आम्ही टाकलं. त्यालाही विचारलं होतं. तो "चालेल" म्हणाला होता.

त्या फोननंतर मी लाडूचा डबा घेऊन लातूरला गेलो. हॉस्टेलचे मालक म्हणजे भला माणूस. मला गच्चीकडे नेऊन दाराचं मोठं कुलूप दाखवलं. "काळजीच करू नका काका. चावी माझ्या कमरेला. पंखे पण बदलून घेतलेत, वजन आलं की खाली येतात." त्यांनी हे पाण्याच्या टाकीबद्दल सांगावं तसं सांगितलं. पोरगा खोलीत भिंतीकडे तोंड करून वाचत होता. दाढी वाढलेली. लाडू घे म्हटलं, घेतला. बाहेर जाऊ म्हटलं, आला. चहा की कॉफी विचारलं, "तुम्ही घ्याल ते." सगळं ऐकत होता, कशाला नाही म्हणत नव्हता, आणि मला वाटत होतं, यानं एकदा तरी माझ्यावर खेकसावं. मी डबा ठेवून परत आलो. काय बघून आलो हे बायकोला धड सांगता आलं नाही, त्याला घरी आणू एवढंच म्हणालो.

"थोडेच महिने राहिलेत," ती म्हणाली. "आत्ता आणलात तर तो जन्मभर आपल्याला बोलेल. गाण्याचं आठवलं नाही म्हणून कुणी शिक्षण सोडतं का?"

ऐकायला तिचं बरोबरच होतं. मी रोज पूजेला बसायचो आणि काय मागावं ते सुचायचं नाही. आधी मी त्याचा नंबर लागावा म्हणून मागत असे. आता ते मागताना जीभ अडायची. लिंग तळहातावर घेऊन नुसता बघत बसायचो. असे कितीतरी दिवस गेले.

परवा पुन्हा गेलो. मालकांना सांगितलं, याचं नाव काढायचं आहे. ते समजावत राहिले, क्लासवाल्यांना फोन लावून दिला, तेही समजावत राहिले. मी "हाव, हाव" म्हणत सही केली. पोरानं कारण विचारलं नाही. गादी गुंडाळली, पुस्तकं पोत्यात भरली. एसटीत खिडकीपाशी बसून राहिला. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी त्याला तुमच्याबद्दल सांगणार होतो. तो जागाच होता, पण मी खाली उतरून पाण्याची बाटली भरून आणली.

घरी बायको त्याच्याशी गोड बोलली आणि माझ्याशी नाही. आज सकाळी ती देवळात गेली तेव्हा मी पेचकस घेतला आणि त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढायला लागलो. तो झोपला आहे असं समजून आवाज न करता काढत होतो. एक स्क्रू हातातून निसटून खाली घरंगळला. मी वाकणार तोच तो पलंगावरून उठला, पलंगाखाली हात घालून त्यानं तो स्क्रू काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मग तिथेच भिंतीला टेकून थांबला आणि उरलेले स्क्रू निघेपर्यंत कडी हातानं धरून राहिला, पडू नये म्हणून. मला बोलायचं होतं, गुरुजी. मला भीती वाटली की मी बोललो तर तो कडी सोडेल.