तिथीची पाऊणपट

२८ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊ. कशेळी.
अंदमानचं बुकिंग कन्फर्म. मी, रंजिता, पूर्वी आणि आई. आमच्या घराण्यातली पहिली फॅमिली ट्रिप. आजवर सगळे मिळून गेलो ते एकवीरेला, नाहीतर कुणाच्या हळदीला.
ठराव: बेटावर कुठल्याही गाइडच्या नादी लागायचं नाही. आपण खाडीकाठची माणसं. समुद्र म्हणजे आपली खाडीच, फक्त पलीकडचा काठ दिसत नाही.
हे शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. पेन बिघडलं असणार.

३० ऑक्टोबर.
पूर्वीने विचारलं, बाबा, तू तिथे पोहणार का? पोरगी बारा वर्षांची, सातवीत. तिच्या वयात मी कशेळीची खाडी पोहून पार करायचो, हे तिला लहानपणापासून सांगत आलोय. म्हणालो, अर्थात. रंजिता भाकऱ्या थापत होती. तिने मान वर केली नाही.
तसा खाडीत मी एकदाच गेलो. वय सात. गेलो म्हणजे घसरलो. तुळशीरामकाकांनी केसाला धरून बाहेर काढलं. तेव्हापासून खाडी बघतो ती पुलावरून, गाडीच्या काचा वर करून. याला भीती म्हणत नाहीत. अनुभव म्हणतात.
पूर्वी दोन वर्षं ठाण्याला स्विमिंगला जाते. पण तलाव वेगळा, समुद्र वेगळा. ट्रिपचा विषय काढला की गप्प होते. पोरगी भित्री निघाली. धीर द्यायला हवा.

२ नोव्हेंबर. पोर्ट ब्लेअर.
विमानात अजिबात भीती वाटली नाही. डोळे मिटले होते कारण झोप लागली होती. रंजिता म्हणते, झोपेत कुणी रामरक्षा म्हणत नाही.

३ नोव्हेंबर. नील बेट.
फेरीबोटीत लाइफ जॅकेट अंगात घातलेला मी एकटाच. कुणीतरी उदाहरण घालून द्यावं लागतं. जेट्टीवर उतरल्यावर फेरीचा माणूस ओरडत मागे धावत आला, तेव्हा लक्षात आलं की जॅकेट अंगातच आहे.
अख्ख्या प्रवासात पूर्वीने माझा हात सोडला नाही. तळवा घामाने ओला. माझा की तिचा, कळायला मार्ग नाही. बिचारी.

४ नोव्हेंबर. दुपारी.
बीचवर. पाणी निळं, काचेसारखं, तळ दिसतो. तळ दिसतो म्हणून जास्तच खोल वाटतं. आई अडुसष्ट वर्षांची, लुगडं खोचून छातीभर पाण्यात उभी राहिली आणि तिथून मला हाका मारायला लागली. रंजितासुद्धा गेली. मी चपला सांभाळल्या. चार जोड. घरात एक तरी जबाबदार माणूस हवा.
पूर्वी पाण्यात गेलीच नाही. माझ्याशेजारी बसून राहिली. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, तेच तर.

४ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा.
हॉटेलवर रामनाथ नावाचा गाइड आला. पन्नाशीचा, तोंडात पान. ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यांच्या डबक्यांत रंगीत मासे आणि समुद्रकाकड्या दिसतात म्हणे. बोलला, कल दोपहर साढ़े तीन बजे आइए, तब पानी पूरा नीचे रहेगा.
मनातल्या मनात हसलो. आमच्या बाबांनी जन्मभर खाडीत जाळी टाकली, घड्याळ कधी वापरलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उद्या पौर्णिमा, म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे पहाटे सव्वापाचला पूर्ण ओहोटी. हा मला साडेतीन सांगतो! पर्यटकांना काय, कोणीही टोप्या घालाव्यात.
ठराव: उद्या पहाटे पूर्वीला मी स्वतः खडकांवर नेणार. घोट्याएवढं पाणी. पोरीची भीती मोडेल. तिला कळेल आपला बाप कोण आहे. पोहण्याचा विषयही परस्पर मिटेल.

५ नोव्हेंबर. पहाटे पाच.
इथे फार लवकर उजाडतं. रंजिता झोपलीय. आईला बरोबर घेतलंय, ती काठावर बसेल. पूर्वी नको नको म्हणत होती. मग मला विचारलं, तू जाणारच आहेस का? जाणारच म्हणालो. लगेच तयार झाली. धीर असा द्यावा लागतो.

पाच चाळीस.
खडकावर बसून लिहितोय. काठापासून शंभरेक पावलं आत. एक निळा मासा दिसला. पाणी अपेक्षेपेक्षा थोडं वर आहे. लाटांमुळे वाटत असेल.

सहा.
येताना ज्या दगडावर पाय ठेवला तो सापडत नाही. सात वाजेपर्यंत हे खडक आपल्या बापाचे आहेत. हिशोबात चूक नाही, दोनदा केला. पूर्वी म्हणते परत जाऊ. म्हटलं, घाई करायची नसते.

सहा वीस.
मधल्या घळीत पाणी. काठ आणि आम्ही, मध्ये पाणी. वाहतं. आई काठावरून ओरडतेय, नीट ऐकू येत नाही. हिशोब पुन्हा केला. सव्वाअकरा. सव्वाअकराच.

सहा पस्तीस.
पाणी गुडघ्याला. पूर्वीला वरच्या खडकावर घेतलं. घाबरलोय. लिहून टाकतो. पोरीला मी आणलं. एकवीरा आई, पोरीला काही होऊ देऊ नकोस. माझं काय ते नंतर बघू.

५ नोव्हेंबर. दुपारी चार. हॉटेल.
वही भिजली, पण वाचता येते.
रामनाथ ट्रकच्या टायरची ट्यूब आणि दोर घेऊन आला. आईने हॉटेलात विचारून मागच्या गल्लीतून त्याला उठवून आणलं होतं. घळीत पाणी छातीच्या वर. त्याने दोर बांधून ट्यूब आमच्याकडे फेकली. पूर्वीला म्हणालो, तू आधी जा. ती सरळ पाण्यात उतरली, दोन हात मारून ट्यूब धरली, आणि काठाला न जाता ट्यूब घेऊन माझ्याकडे परत आली. मी दोन्ही हातांनी खडक धरला होता. रामनाथ दोर ओढायला तयार, आणि मी खडक सोडत नव्हतो. म्हटलं, वर अजून जागा आहे, ओहोटीपर्यंत थांबतो. पूर्वी म्हणाली, बाबा, खडक सोड, मी धरलंय. तीनदा म्हणाली. चौथ्यांदा ओरडली. मग सोडला. तोंडात पाणी गेलं, नाकात गेलं, मी काय काय ओरडलो ते रामनाथने कृपा करून कुणाला सांगितलं नाही.
काठावर आईने आधी पूर्वीला पुसलं, मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. म्हणाली, आरं, हिशोब बरोबर हाय, पन तो आपले खाडीचा हाय. हितलं पानी वायलं, त्याची येल वायली. तुझा बाप हिकरं आला असता तं पैला इथल्या मानसाला इचारला असता.
रंजिता माझ्याकडे न बघता ओले कपडे पिळतेय. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
आत्ताच खिडकीतून पाहिलं. खडक पूर्ण उघडे पडलेत. त्यांच्यावरून एक म्हातारं जोडपं हातात चपला घेऊन चाललंय. पुढे रामनाथ.

६ नोव्हेंबर. सकाळी दहा. परतीची फेरी.
पूर्वीला समजावून सांगायचं ठरवलं होतं. मुद्दे काढले होते. खाडीचं पाणी मचूळ, समुद्राचं खारट, त्यामुळे पोहण्याची पद्धत बदलते, शिवाय खूप वर्षं सराव नाही.
पहिल्याच मुद्द्यावर ती म्हणाली, बाबा, मला माहितीये.
आजीने तिला केव्हाच सांगितलं होतं. मी सात वर्षांचा असताना कसा बुडत होतो, आणि नंतर कित्येक महिने अंघोळीच्या बादलीलाही कसा घाबरायचो. म्हणून तिने स्विमिंग लावलं. म्हणाली, तू कधी पाण्यात पडलास तर घरातल्या कुणालातरी यायला हवं ना. ट्रिप ठरल्यापासून तिला झोप नव्हती. तुझा हात सोडला तर तू मला दाखवायला म्हणून उडी मारशील, असं वाटायचं, म्हणाली.
मी म्हणालो, अगं, पण एकदा मी खरंच पलीकडच्या...
बाबा, एवढंच म्हणाली.
मुद्द्यांचा कागद खिशात घातला. मग तिने विचारलं, आत्ता भीती वाटतेय का? इकडेतिकडे पाहिलं. आई डुलकी घेत होती, रंजिता समुद्राकडे बघत होती. हो म्हणालो.
पूर्वी उठली. पाण्याच्या बाजूची सीट तिने घेतली आणि मला आतल्या बाजूला बसवलं.