दुसरा नमुना

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. रागाने का होईना, पण शेवटपर्यंत वाच.

बाबांनी अंथरूण धरल्याचं तुला कळवलं होतंच. खाटेवरही त्यांना तोच ध्यास. आपल्या प्रयोगशाळेतल्या त्या पापुद्र्यांच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन जागचा उठतो, मागे रिकामी जागा उरते, दोघांची जोडी जमते. कडाक्याच्या थंडीत अशा असंख्य जोड्या एकजीव होतात, आतली वीज अडते आणि फक्त कडेकडेने वाहते. बाबांनी जन्मभर हेच मांडलं. आणि तू भर सभेत उठून म्हणालास, जोड्याबिड्या काही नाहीत, अणूंची जाळीच सरकते, म्हणून वीज अडते. झालं! अणूंवरून बापलेकांनी बोलणं टाकलं, असं कुणाला सांगितलं तर हसतील. आई अजून म्हणते, तुमच्या त्या जोड्यांनी माझं घर मोडलं.

तू गेल्यावर मी त्या जाळीच्याच मागे लागले. चिकटपट्टीने पापुद्रे सोलून सोलून बोटं हुळहुळी झाली. शेवटी क्ष-किरणांखाली दिसलं. अणू आधी सरकतात, वीज नंतर अडते. मी आलेख बाबांपुढे धरला. पण ते चिडले नाहीत रे. आलेख छातीवर ठेवून पडून राहिले, मग म्हणाले, पोरगं बरोबर होतं तर. मी लगेच फोन हातात घेतला, तसे माझ्यावरच खेकसले. आपल्या घरचा नियम तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या नमुन्यात दिसल्याशिवाय बाहेर अवाक्षर काढायचं नाही. त्याला मीच सांगणार, म्हणाले, पण पक्कं झाल्यावर. कच्च्या आकड्यांवर माफी मागितली तर तोच मला फाडून खाईल.

दुसरा नमुना हवा लागून खराब झाला. पुढचा सोलतानाच फाटला. मी खोलीत शिरले की बाबा विचारायचे, झालं का? नंतर नंतर नुसत्या भुवया उडवायचे. मला राहवेना, त्यांना चोरून तुला फोन लावत राहिले. तू एकदाही उचलला नाहीस, दादा. मला तुझा भयंकर राग आलाय.

आज दुपारी एक नमुना धड निघाला आणि त्यातही तेच दिसलं. आलेख घेऊन मी घरी धावत सुटले, बाबांच्या खोलीचं दार उघडलं, आणि गुंडाळून ठेवलेली गादी बघितली. त्यांना जाऊन आठवडा झाला, हेच विसरले होते मी. मी तुला तसा निरोपही ठेवला होता, ऐकलास की नाही कोण जाणे. ही माफी त्यांना स्वतःच्या तोंडाने मागायची होती. आता ती माझ्याकडून घे.

तुझीच,
शेपूट