दोन खोल्या आणि एक बंदी

मी, खाली सही करणार, वय वर्षे अडुसष्ट, व्यवसायाने मुद्रितशोधक, आता निवृत्त, अविवाहित, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण हे ते दोनदा म्हणाले, म्हणून हे कागद. माझे डोके ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने या मजकुरातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढून दाखवावी.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या यादीत आहेत. मजकुरात मात्र मी माणसांना ज्या नावाने ओळखते तेच लिहिले आहे. "असं चालत नाही हो," वकील म्हणाले. यादी जोडल्यावर चालले.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, माझ्या पुतणीला मिळाव्यात. तिचे वडील, म्हणजे माझा दादा, यावर हरकत घेईल. आईच्या आजारपणात तो वर्षातून दोनदा आला आणि दोन्ही वेळा परतीचे तिकीट खिशात घेऊन आला. हे मी विसरलेले नाही, पण त्याची शिक्षा त्याच्या लेकीला नको. न्हाणीघराच्या दाराची कडी वर उचलून मग सरकवावी लागते, हे तिने ध्यानात ठेवावे. शिवणयंत्र वहिनीला. त्यावर तिचा केव्हापासून डोळा आहे, आणि खरे सांगायचे तर ती माझ्यापेक्षा चांगले शिवते.

कलम २. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून दवाखान्याचे भागवून उरलेले पुतणीने घ्यावे. मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच.

कलम ३. माझा मोठा शब्दकोश, ज्याच्या समासात मी एकतीस वर्षे टिपणे केली, आणि लोखंडी पट्टी छापखान्यातले माझे सहकारी जुळारी यांना. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याचे काम संपले आणि यंत्रे आली तेव्हा ते तीन महिने कोणाशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले. छापखान्याच्या मालकाला काही नाही. त्याने शुद्धिपत्रकातच चूक छापली आणि ती माझ्या माथी मारली.

कलम ४. आता ज्या कामाबद्दल माझ्या घरच्यांना फक्त 'आत्या संगणकावर काहीतरी करते' एवढेच माहीत आहे, त्याबद्दल. आंतरजालावर आपल्या भाषेतला एक ज्ञानकोश आहे. तो कोणीही वाचावा, कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा. चौदा वर्षे मी तिथे बिनपगारी राबले. तिथले माझे नाव 'काना'. आधी शुद्धलेखन सुधारत असे. मग भांडणे सोडवू लागले, कारण तिथे अशुद्धापेक्षा भांडणेच जास्त. एका नदीच्या लांबीवरून दोन सभ्य माणसे अकरा दिवस एकमेकांचे लिखाण उलटवत बसली होती. मी दोघांना वेगवेगळे विचारले, "तुम्ही मोजायला सुरुवात कुठून केलीत?" एकाने उगमापासून केली होती, दुसऱ्याने धरणापासून. भांडण मिटले, आणि पुढच्याच निवडणुकीत लोकांनी मला निवाडा मंडळावर बसवले. मंडळात आम्ही तिघे. चर्चापानांवरची शिवीगाळ, खोडसाळपणा, कंपूबाजी हे सगळे शेवटी आमच्यापुढे येई आणि आमच्या मतांवर माणसाचे तिथले लिहिणे राही किंवा जाई.

माझा संगणक, असेल त्या अवस्थेत, पुतणीने ठेवावा. 'काना'च्या सदस्यपानावर मी गेल्याची एक ओळ लिहावी. विशेषणे लावू नयेत.

कलम ५. माझा आणि 'टिटवी' यांचा दोन वर्षांचा पत्रव्यवहार, छापून काढलेला, दोन जाड धारिका, टिटवी यांना मिळावा.
[हे कलम खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. कारण कलम ८ मध्ये.]

कलम ६. टिटवी कोण, हे सांगणे आले. ते एका गावाच्या पाणीपुरवठा केंद्रावर पंपचालक होते. तिथल्या गाळणीच्या टाक्यांजवळ, उघड्या खडीवर, टिटव्या अंडी घालतात. म्हणून हे नाव. ज्ञानकोशात पक्ष्यांवरचे चारशेहून अधिक लेख त्यांनी लिहिले. वाक्ये लहान, आणि एकही शब्द फुकटचा नाही. माझ्या लाल पेनाला तिथे काम नसे.

त्यांचे भांडण झाले ते प्राध्यापक नावाच्या संपादकाशी. टिटवी लिहीत, "उन्हाच्या वेळी मादी पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते." प्राध्यापक ते काढून टाकत आणि विचारत, "संदर्भ?" टिटवी उत्तर देत, "पाहिलंय." नियमाप्रमाणे प्राध्यापक बरोबर होते, ज्ञानकोशात स्वतःचे पाहिलेले चालत नाही, कुठेतरी छापलेले लागते. टिटवींनी लिहिले, "पुस्तकात नाही म्हणून पक्ष्याने अंडी उन्हात टाकायची का?" आणि पुढे प्राध्यापकांना पोपट म्हणाले. तक्रार माझ्याकडे आली.

मी त्यांना खाजगीत लिहिले, "पोपट मागे घ्या. बाकीचं आपण बघू." त्यांनी उलट टपाली लिहिले, "घेतला मागे. पोपटाचा अपमान झाला होता." मी स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच हसले. मग आठवडाभर मी जुनी नियतकालिके चाळली आणि पोट भिजवण्याबद्दल छापलेली एक नोंद शोधून दिली. वाक्य राहिले.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला, पाळी संपवून ते घरी पोचले की दोन-चार ओळी यायच्या. "आज टाकीवर तीन पाहुणे. एक लंगडा." मी काय वाचले ते कळवी. कधी कधी नुसते, "आज काही नाही. तुमच्याकडे?" मी चहा गाळायची ती ते वाचून झाल्यावर. मी त्यांना कधी पाहिले नव्हते, आवाज ऐकला नव्हता. एकदा विचारले, "घरी कोण असतं?" उत्तर आले, "मी आणि खिडकी." मी समजले, एकटे आहेत. त्या एका ओळीवर मी मनात काय काय रचले ते इथे लिहीत नाही. माझे वय तेव्हा साठ होते आणि मला कोणी काही विचारले नव्हते.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही. वकिलांनी ते गाळायला सांगितले, मी गाळले नाही.

टिटवींनी लिहिलेला घरट्यांचा मजकूर ठेवावा की काढावा, यावर पुन्हा वाद पेटला आणि चर्चापानावर मते मागवली गेली. तिथे एक नवे खाते उगवले आणि त्याने टिटवींच्या बाजूने मत दिले. प्राध्यापकांनी तांत्रिक तपासणी मागितली. दोन्ही खाती एकाच घरच्या जोडणीवरून चालत होती. एकाच माणसाने दोन नावांनी मते देणे हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा. टिटवींनी मंडळापुढे लिहिले, "ते खातं माझं नाही. आमच्या घरातल्या बाईचं आहे. ती तिचं ती लिहिते, मी सांगत नाही."

आमच्या घरातल्या बाईचं.

मंडळातल्या एकाने मत दिले, समज देऊन सोडावे. दुसऱ्याने, कायमची बंदी. तिसरे मत माझे. वर्षभरापूर्वी अशाच प्रकरणात एका नवरा-बायकोला मी, "दोघंही आपापल्या सदस्यपानावर तसं नमूद करा," एवढे सांगून सोडले होते. तो निर्णय माझ्यासमोर होता. मला तो आठवतही होता. मी लिहिले, "खुलासा समाधानकारक वाटत नाही. कायमची बंदी." दोन्ही खात्यांवर.

नियमाचे नाव घेऊन मी माझा मत्सर वापरला. निकालपत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काही आले नाही. त्यानंतरही नाही. मी चहा गाळायची वेळ बदलून पाहिली, उपयोग झाला नाही.

दीड वर्षाने मला एक पत्र आले. ते असे होते: "मी टिटवीची थोरली बहीण. पाठीचं हाड मोडल्यापासून पंधरा वर्षं खिडकीशी बसून आहे, म्हणून घरात मला खिडकीच म्हणतात. ते खातं माझं होतं. टाक्या माझ्या खाटेवरून दिसतात. पोट भिजवणारी मादी मी पाहिली होती, त्याने फक्त लिहिलं. मत द्यायचा मोह मला झाला, त्यात त्याचा दोष नाही. तो आता लिहीत नाही. रागाने हे लिहीत नाही, पण पक्ष्यांची पानं जुनी होत चालली आहेत, कोणीतरी बघा."

मी माझ्याच निर्णयाविरुद्ध अर्ज केला. 'पूर्वीच्या प्रकरणाशी विसंगत निर्णय' एवढेच कारण दिले. बंदी उठली. मी मंडळ सोडले. खिडकी परत आल्या, त्या अजून लिहितात, आणि त्यांच्या वाक्यांत मला त्यांच्या भावाची वाक्ये ऐकू येतात. टिटवी आले नाहीत. रोज सकाळी मी त्यांचे पान उघडून बघते. शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे.

अर्जात जे खरे कारण लिहिले नाही ते आज इथे लिहिले. मंडळावर यापुढे जे बसतील त्यांना एवढेच सांगणे, की मत लिहिताना छातीत धडधडू लागले तर त्या प्रकरणातून उठावे. प्राध्यापकांना माझे भिंग द्यावे. ते वाईट माणूस नाहीत. तळटीपा मात्र फार बारीक अक्षरांतल्या वाचतात.

कलम ८. कलम ५ साठी वकिलांनी टिटवींचे नाव आणि पत्ता मागितला. माझ्याकडे दोन्ही नव्हते. दोन वर्षे रोज लिहिले, पण नाव विचारले नव्हते. मी खिडकींना कळवले. तीन दिवसांनी फोन वाजला. आवाज मी कल्पिला होता त्यापेक्षा बारीक होता.

"काना का?"

"हो."

"तुम्ही मला काहीतरी देताय म्हणे. का?"

मी म्हटले, "तुमचंच आहे. तुमची पत्रं."

"मग साक्षीदार कोण आहेत?"

"एक जुळारी आहेत. दुसरा अजून मिळायचाय."

"मी येतो," ते म्हणाले.

मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. एक तर धारिका, नाही तर सही. मी ते तसेच फोनवर सांगितले. पलीकडे थोडा वेळ पंपासारखे काहीतरी घरघरत होते.

"मग साक्षीदारच करा मला," ते म्हणाले. "बंदीच्या वेळी माझ्या बाजूने बोलणाऱ्या खिडकीलाही तुम्ही बाहेर काढलंत. तुमच्या वेळी तरी असू दे कोणीतरी."

म्हणून कलम ५ रद्द. जुळारींनाही हाच नियम, त्यामुळे कलम ३ मधला शब्दकोश आणि पट्टी त्यांच्याऐवजी त्यांच्या नातीला. दोन्ही धारिका खिडकी यांना मिळाव्यात. भावाला दाखवायच्या की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

कलम ९. हे कलम मी हाताने लिहीत आहे. साक्षीदार आले आहेत. टिटवी दुपारी एकच्या बसने आले. उंच आहेत, थोडे वाकले आहेत, डाव्या हाताची करंगळी यंत्रात गेलेली. दारात म्हणाले, "जिना बराच आहे हो." मी म्हटले, "बसा." सहा वर्षांत मी जे जे बोलायचे ठरवले होते त्यातले एवढेच तोंडातून आले. पुतणीने चहा दिला. जुळारींनी त्यांना छापखान्याचे विचारले नाही, त्यांनी जुळारींना पाण्याचे विचारले नाही; दोघे गुडघ्यांबद्दल बोलले.

मी कागद त्यांच्यापुढे केले. "वाचायचे असतील तर वाचा."

"साक्षीदाराने वाचावं लागतं का?" त्यांनी वकिलांना विचारले.

"नाही. सही यांनीच केली, एवढं बघायचं."

"मग नको," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवले. मी पुन्हा पुढे केले नाहीत. कलम ७ त्यांना माझ्यानंतर कळेल, किंवा कळणारही नाही.

त्यांची परतीची बस चारची आहे. आता सव्वातीन झाले आहेत. सांगण्यासारखी मालमत्ता उरलेली नाही. वकील म्हणाले, "ताई, आता पूर्णविराम द्या." मी सावकाश लिहीत आहे, कारण सही झाली की ते उठतील.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करते.

सही: (काना)

आमच्यासमोर सही झाली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
साक्षीदार १: जुळारी, छापखान्यातून निवृत्त
साक्षीदार २: टिटवी, पंपचालक, निवृत्त

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: गुरुवार, १७ फेब्रुवारी २०२२, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटे