मखमली कागद आणि एक इंग्रजी शब्द

बाबा, परवा इथे इंग्लंडमध्ये एका जुन्या हवेलीत तुमचा कागद पाहिला. म्हणजे बहारीनला तुम्ही भिंतींना लावायचात तसलाच, लाल, मखमली, डाळिंबाच्या नक्षीचा, आणि वर छताच्या कडेने सोनेरी किनार. लोकरीचा भुगा डिंकावर चिकटवून करायचे म्हणे. हात लावू नका अशी पाटी होती, तरी माझा हात पुढे गेलाच.

नव्वदच्या दशकातला तिथल्या बुदैया गावचा तो व्हिला आठवला. शुक्रवारची सुट्टी असून तुम्हाला काम होतं, आणि मला शाळा नव्हती म्हणून हूऱ्यातल्या आपल्या घरून मी तुमच्याबरोबर आलेली. त्या घरच्या इंग्रज मॅडमनी कागद मुद्दाम इंग्लंडहून मागवलेला. जेवणघर अर्धं झालंय. तुम्ही वरून खाली ब्रश फिरवताय, "लव एकाच अंगाला बसली पाहिजे, नाहीतर पट्टा काळा दिसते," असं मला सांगताय, आणि लक्ष मात्र सगळं अकोल्यात. आदल्या दिवशी काकांचा फोन आला होता, आजीचं काही खरं नाही, लगेच निघ. पण पासपोर्ट कंपनीकडे. मॅनेजर म्हणाला होता, "आधा काम छोड़के कैसे जाएगा? मॅडम हाँ बोलेगी तो जाओ. नहीं तो खलास."

मॅडम चहा घेऊन आल्या. तुम्ही शिडीवरून उतरलात, हाताची खळ पुसलीत, आणि म्हणालात, "मॅडम, माय मदर इज व्हेरी सिरीयस."

त्या हसल्या. "सो वॉज माइन," म्हणाल्या. "नेव्हर स्माइल्ड इन हर लाइफ." आणि कप ठेवून आत गेल्या.

आपल्या घरात सिरीयस या शब्दाचा एकच अर्थ होता, माणूस मरणाच्या दारात, गावाकडून येणाऱ्या तारेतही तोच असायचा. "पाहिलं? माझी माय मरून राहिली अन् ही हसते," एवढंच म्हणालात आणि पुन्हा शिडी चढलात. दुसऱ्यांदा विनवणी करणं तुमच्या स्वभावात नव्हतं. मी चौथीतली पोर, काय करणार होते? आजी गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही किनार लावत होतात. त्यानंतर इंग्रजाच्या घरचं काम तुम्ही घेतलं नाही. "दगड आहेत," म्हणायचात, शेवटपर्यंत.

परवा त्याच हवेलीत मावशीची तब्येत फार बिघडल्याचा फोन आला. तिथल्या म्हाताऱ्या गाइडला मी म्हटलं, सॉरी, माय आंट इज सिरीयस. तोही हसला. म्हणाला, माझीही तशीच होती, भारी कडक. मग माझा चेहरा पाहून त्यानं विचारलं, काय झालं? ती मरणाच्या दारात आहे असं मी नीट सांगितल्यावर, सिरीयस म्हणजे गंभीर स्वभावाची असं समजलेला तो बिचारा इतका ओशाळला, की मला बसवायला स्वतः खुर्ची घेऊन आला.

मॅडमनीही आणली असती. कंपनीला फोन केला असता. तुम्ही आजीला पाहिलं असतं. हे मला आता कळतंय, आणि त्याचं काहीच करता येत नाही. दगडाच्या काळजाच्या बाईनं अडवलं, हे तुम्ही कसंबसं गिळलं होतंत. एका शब्दानं अडवलं, हे कसं गिळलं असतंत? खरं सांगू, तुम्ही आज असतात, तर हे मी तुम्हाला सांगितलं नसतं.