तीन नापास विषयांचा रकाना

मिलवॉकी,
२८ मे २००९

ती. लेम्पी मावशीस,
आइनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वेलदोड्याचा पाव, दोन्ही पोचले. पाव मी काम करते त्या वॉर्डातल्या नर्सबायांनी उभ्या उभ्या फस्त केला. गुडघे कसे आहेत ते तू लिहीत नाहीस, शेजारच्या टोइवोच्या कुत्रीचं मात्र पानभर लिहितेस.

मेडिकलचा अर्ज भरायला घेतलाय. आजवर शिकलेला एकूण एक विषय लिहायचा आणि तो विज्ञानाचा की इतर, हा वर्ग आपणच ठरवायचा. जीव, रसायन, भौतिक, गणित यांची सरासरी वेगळी काढतात, आणि डॉक्टर व्हायचं तर तीच बघतात. बाकी सगळं दुसऱ्या रकान्यात. तू एकतीस वर्षं आपल्या कॉलेजच्या रजिस्ट्रार कचेरीत विषयांचेच कागद सांभाळलेस, म्हणून तुला छळते.

अडलंय ते २००५ च्या सत्रापाशी. आई दवाखान्यात होती तेव्हा तीन विषय सोडल्याचा अर्ज मी तुझ्या हातात दिला होता. तो कचेरीत पोचलाच नाही आणि तिन्हींपुढे नापास लागलं. सोडलेला विषय सरासरीत धरत नाहीत, नापास धरतात. चार वर्षं वाटतंय, सही करायची मीच विसरले असेन. रसायन आणि भौतिकला इलाज नाही. पण तिसरा, ‘माणूस आणि निसर्ग’, तो तरी दुसऱ्या रकान्यात टाकू का? नावावरून कुणाला जीवशास्त्र वाटणार नाही.

लवकर कळव, आणि जिना सांभाळून उतर.

तुझी,
आइनो


कोस्की कॉर्नर, मिशिगन,
४ जून २००९

चि. आइनोस अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वर्ग नावावरून ठरत नाही, शिकवलं काय त्यावरून ठरतो. त्या विषयात अर्ध्याहून जास्त पेशी आणि आनुवंशिकता होती. अभ्यासक्रमाची पुस्तिका मीच टाइप केली होती. ते जीवशास्त्रच. पळवाट काढू नकोस.

आता दुसरं. तुझी सही होती. अर्ज हरवला नाही, माझ्या कपाटात आहे.

विषय सोडला की कचेरी घरी पत्र पाठवते. हेल्मीला, तुझ्या आईला, दवाखान्यातल्या खाटेवर रोजचं टपाल लागायचं, लाइट बिलसुद्धा ती स्वतः फोडायची. माझ्यासाठी एकही तास बुडवायचा नाही, असं तिनं तुझ्याकडून वदवून घेतलं होतं. आणि तू दिवसभर तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर पुस्तकं घेऊन बसायचीस, साडेतीनला कोट चढवून कॉलेजातून आल्यासारखी आत जायचीस. ते पत्र आलं असतं तर माझ्या बहिणीला सगळं कळलं असतं. म्हटलं, आठवडाभर थांबू. मग आणखी एक आठवडा. शेवटची तारीख गेली, मग हेल्मी गेली. तुला सांगायचं तोंड मला राहिलं नाही.

निवृत्त होताना कचेरीतल्यांनी मला जुना तारखेचा शिक्का भेट दिला. मंगळवारी त्याची चाकं मागे फिरवून बघितली, १० ऑक्टोबर २००५, मुदतीच्या आतली तारीख, अजून नीट उमटते. तू हो म्हण, मी अर्जावर मारून नेऊन देते. जन्मात खोटी तारीख घातली नाही, तुझ्यासाठी घालेन.

तुझी अपराधी,
लेम्पी मावशी


मिलवॉकी,
१५ जून २००९

मावशी,

शिक्का मारू नकोस. एका ओळीत मला पळवाटेवरून बोलतेस आणि दुसऱ्या पानावर हे.

चार वर्षं मी स्वतःला वेंधळी म्हणत आले. बाबा म्हणाले, प्रोफेसर म्हणाले, मी मान खाली घालून ऐकलं. तू प्रत्येक वेळी शेजारी बसून कॉफी ओतत होतीस.

अर्ज धाडला आहे. तिन्ही नापास विज्ञानातच घातले, तू म्हणालीस तसे. एकच विचारते, आणि आता तरी खरं सांग. आईला कळलं होतं का?

आइनो


कोस्की कॉर्नर,
२१ जून २००९

चि. आइनोस आशीर्वाद. घेशील की नाही, माहीत नाही.

शिक्का न मारता अर्ज घेऊन मी कचेरीत गेले आणि सगळं सांगितलं. नवा रजिस्ट्रार सभ्य आहे, मला खुर्ची दिली, ऐकून घेतलं. पोच नसलेला कागद धरता येत नाही म्हणाला. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

हेल्मीला कळलं नव्हतं. रक्त घ्यायला कुणी आलं की ती दंड पुढे करून सांगायची, माझ्या मुलीनं माझ्यापायी एक तास बुडवला नाही. शेवटच्या रविवारी पाद्रीबाबांनाही तेच सांगितलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मी हो म्हटलं.

उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल, पण बरी आहेस एवढं कुणाकडून तरी कळू दे.

लेम्पी मावशी


मिलवॉकी,
९ मार्च २०१०

ती. मावशीस,
शि. सा. न.

अर्ज केला त्या चौदाही कॉलेजांनी नाही म्हटलं. रडून झालं, आता लिहिते.

एका कॉलेजातल्या बाईंनी फोनवर कारण सांगितलं. म्हणाल्या, तीन नापास आम्ही समजून घेतो, पण त्या सत्रात काय झालं ते लिहायला जागा होती, तुम्ही ती कोरी का सोडलीत? मावशी, मी चार वेळा लिहायला घेतलं होतं. आईपाशी बसायला वर्ग सोडले, एवढंच तर लिहायचं होतं. पण ते लिहिणं म्हणजे तिला सांगणं. तुझ्या पत्रानंतर तर हातच उचलेना.

जूनमध्ये पुन्हा अर्ज करणार आहे. तेच विषय, तेच रकाने, आणि या वेळी ती जागा भरणार आहे. त्याआधी तू दफनभूमीत आईकडे जाऊन ये. बर्फ वितळलं की जा, घाई नाही. तिच्याजवळ बस आणि तिला सांग, पोरगी रोज दाराबाहेरच होती. तिला माझ्या अर्जावरून कळायला नको.

राग अजून आहे. लोभही आहे.

तुझी,
आइनो